मा. जिल्हाधिकारी, नाशिक यांना खुले पत्र: पाऊस, भाव, वसुली आणि मृत्यू एकाच नकाशावर आणा

मा. जिल्हाधिकारी,
नाशिक

सप्रेम नमस्कार.

लासलगावच्या सकाळच्या लिलावात कांद्याला किमान, कमाल आणि सरासरी काय भाव निघाला, हे दुपारपर्यंत जिल्ह्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले असते. रात्री कोणत्या महसूल मंडळात किती मिलिमीटर पाऊस पडला, हे आपल्या कार्यालयाला सकाळी कळते, आणि 24 तासांत तो 65 मिलिमीटरच्या वर गेला की त्या मंडळात अतिवृष्टी धरली जाते. कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे, ते 2021 पासून ई-पीक पाहणीत नोंदले जाते. धरणांतला साठा रोज जाहीर होतो. पण गेल्या महिन्यात आपल्या जिल्ह्यात किती माणसांनी आत्महत्या केली, ती कोणत्या मंडळातली होती, त्यांत बायका किती, शेतमजूर किती, कारखान्यातले कामगार किती, कॉलेजातली मुले किती, असे कोणी विचारले तर उत्तर एका ठिकाणी मिळत नाही.

मी नाशिकमध्ये संख्याशास्त्र शिकवते. माहेर निफाड तालुक्यातले, घरी द्राक्षबाग. आकड्यांवर माझे पोट चालते, आणि ज्या घरांतून असे मृत्यू होतात त्या घरांतली मुले माझ्या वर्गात बसतात. म्हणून हे पत्र.

मृत्यूची नोंद होत नाही, असे माझे म्हणणे नाही. ती होते, आणि अनेक ठिकाणी होते. आकस्मिक मृत्यूची नोंद पोलीस ठाण्यात होते. शहराचे पोलीस आयुक्तालय वेगळे, ग्रामीण पोलीस वेगळे, रेल्वे पोलीस आणखी वेगळे. शवविच्छेदनाचा अहवाल रुग्णालयात राहतो, मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत निघतो. आणि मृत व्यक्ती शेतकरी असेल तर एक फाइल तहसीलमधून आपल्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे येते. ही कागदपत्रे एकमेकांना कधी भेटत नाहीत. वर्ष सरल्यावर पोलिसांचे आकडे दिल्लीला जातात आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्यांचा अहवाल काढतो. 2022 चा अहवाल डिसेंबर 2023 मध्ये आला. त्यात देशातल्या 1,70,924 आत्महत्या होत्या, आणि 22,746 मृत्यूंसह महाराष्ट्र सगळ्या राज्यांत पहिला होता. मोठ्या शहरांच्या तक्त्यांत नाशिक शहर सापडते. निफाड, सुरगाणा, येवला मात्र त्यात कुठेच नाहीत. जो माणूस 2022 च्या जानेवारीत गेला त्याची एका बेरजेत भर पडली, तीही जवळजवळ दोन वर्षांनी. एवढ्या उशिरा आलेला आकडा इतिहासाच्या अभ्यासाला पुरतो. निफाडच्या तहसीलदाराला त्यावरून उद्या सकाळी काहीच करता येत नाही.

त्याच अहवालात कारणांचा रकाना आहे. 2022 मध्ये 31.7 टक्के मृत्यूंसमोर 'कौटुंबिक समस्या' लिहिलेले होते आणि 18.4 टक्क्यांसमोर 'आजारपण'. तपासावरच्या हवालदाराला दोष देण्याचे कारण नाही. दुःखात बुडालेल्या नातेवाइकांचा जबाब घेऊन त्याला एका मृत्यूला एक कारण लिहायचे असते. पण बागेवर गारा पडल्या, व्यापाऱ्याने मालाचे पैसे थकवले, सोसायटीचे कर्ज नवे-जुने करायला, म्हणजे जुने फेडून नवे काढायला, हातात काही उरले नाही, नवरा-बायकोत रोज भांडणे होऊ लागली, नवऱ्याचे पिणे वाढले, आणि मग एक दिवस हे घडले, तर त्या रकान्यात काय लिहायचे? 'कौटुंबिक समस्या' हे खोटे नाही. ती साखळीची शेवटची कडी आहे, आणि आपण फक्त तीच मोजतो. आधीच्या कड्या पावसाच्या, बाजारभावाच्या, कर्जाच्या नोंदींत आहेत. त्या सगळ्या नोंदी सरकारकडेच आहेत.

आपल्या समितीची फाइल याहून तपशिलाची असते, पण ती एकाच प्रश्नासाठी उघडली जाते: एक लाखाची मदत द्यायची की नाही. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा सिद्ध झाला, घरात कोणाच्या तरी नावे जमीन निघाली, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असले, तर प्रकरण पात्र. नाहीतर अपात्र, आणि फाइल बंद. ज्याने तोंडी बोलीवर वाट्याने जमीन केली होती, ज्याने पाहुण्यांकडून हातउसने घेतले होते, ज्याच्याकडे सातबाराच नव्हता, तो त्या कागदावर शेतकरी ठरत नाही. दिवसभर शेतात राबणारी बाई पोलिसांच्या तक्त्यात बहुधा 'गृहिणी' होते. त्या रकान्यात 2022 मध्ये देशभरात 25,309 जणी होत्या, म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर मिळून जेवढे मृत्यू नोंदले गेले त्यांच्या दुपटीहून अधिक. तो आकडा 11,290 होता. मदतीचे निकष बदला, असे मी या पत्रात म्हणत नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण धोका कुठे वाढतो हे समजून घ्यायचे असेल, तर अपात्र ठरलेल्या फायली पात्र फायलींइतक्याच मोलाच्या आहेत. त्या कपाटातून बाहेर काढाव्यात, ही माझी पहिली विनंती.

हवामानाचा आणि आत्महत्यांचा संबंध तपासण्याचे काम भारतावर झालेले आहे. टॅमा कार्लटन या संशोधिकेने 1967 ते 2013 या काळातले राज्यवार आकडे आणि तापमान-पावसाच्या नोंदी एकत्र मांडून 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. पिकांच्या हंगामात तापमान 20 अंशांच्या वर असताना एका दिवसाचे तापमान 1 अंशाने वाढले, तर देशात सरासरी 70 आत्महत्या वाढतात, असे त्यांना आढळले. हंगामाबाहेरच्या उष्णतेचा तसा परिणाम दिसला नाही. उलट हंगामात पाऊस चांगला झाला की प्रमाण घटले. म्हणजे ऊन थेट माणसाच्या डोक्यात जाते, यापेक्षा ते आधी पिकाला मारते आणि मग पिकावर जगणाऱ्याला गाठते, अशी ही वाट दिसते. या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले. मला त्यांतला एक मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो: वर्षाचा आणि अख्ख्या राज्याचा आकडा घेतला की महाबळेश्वर आणि मालेगाव एका सरासरीत जातात. हा प्रश्न जिल्ह्याच्या आणि मंडळाच्या पातळीवरच नीट विचारता येईल.

आणि आपला जिल्हा तर एका सरासरीत मावणाराच नाही. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा इथे पावसाळ्यात दार उघडता येत नाही. पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगावला ढग नुसते वरून जातात. विदर्भातल्या कापसाच्या वेळापत्रकावरून आपल्याकडचा ताणाचा काळ ओळखता येत नाही. द्राक्षाची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, आणि बागेचा मोठा खर्च त्यानंतर सुरू होतो. फुलोऱ्यात पाऊस आला की गळ आणि कूज. डावणी या बुरशीरोगाच्या फवारण्यांवर पैसा पाण्यासारखा जातो आणि तो सगळा उधारीवर असतो. पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये यायचे असतात, तेही व्यापाऱ्याने दिले तर. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये चाळीत जातो आणि भावाची वाट पाहत कुजत राहतो. 31 मार्चला सोसायटीचे नवे-जुने. जूनमध्ये मुलांच्या फिया आणि बियाणे एकदमच. ज्या आठवड्यात गारा पडतात त्या आठवड्यात गावात तलाठी, पुढारी, कॅमेरे सगळे असतात. माणूस एकटा पडतो तो तीन-चार महिन्यांनी, मार्चएंडच्या नोटिशीपाशी. हा माझा अंदाज आहे, आणि तो तपासता येण्यासारखा आहे.

उदाहरण देते. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाड आणि आसपास अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. पुढच्या पंधरवड्यातच, 8 डिसेंबरपासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे 2024 च्या सुरुवातीपर्यंत बंद राहिली. मध्ये 31 मार्च येऊन गेला. एकाच घरात द्राक्ष आणि कांदा दोन्ही असतील, आणि निफाड-चांदवडकडे अशी घरे पुष्कळ आहेत, तर त्या घरावर पाच-सहा महिन्यांत तीन आघात झाले. ज्या मंडळांत गारा पडल्या तिथे जानेवारी ते जून 2024 मध्ये आत्महत्यांचे प्रमाण गारा न पडलेल्या शेजारच्या मंडळांपेक्षा वेगळे होते का? असेल तर कोणत्या महिन्यात, कोणत्या वयात, पुरुषांत की बायकांत? गारांचे पंचनामे आपल्याकडे आहेत. भाव बाजार समित्यांकडे आहेत. थकबाकी सहकार खात्याकडे आहे. मृत्यूच्या नोंदी पोलिसांकडे आहेत. हा प्रश्न आजवर विचारला गेला असेल तर त्याचे उत्तर जिल्ह्यासमोर यावे. विचारला गेला नसेल तर तो आता विचारावा.

एक गोष्ट नकाशावर सहज चुकू शकते, म्हणून ती आधीच सांगते. आघात एका तालुक्यात होतो आणि चूल दुसऱ्या तालुक्यात विझते. भात काढून झाला की सुरगाणा-पेठची माणसे दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला उतरतात. टोळ्या ठरतात, उचल घेतलेली असते, पिकअप भरून बायका-पोरांसह येतात. बाग गारांनी झोडपली की बागायतदाराचा पंचनामा होतो. पण विरळणीचे आणि खुड्याचे काम बुडाले म्हणून मजुराचा पंचनामा होत नाही, आणि घेतलेली उचल अंगावर राहते. त्या टोळीतल्या एखाद्याने घरी परतल्यावर जीव दिला तर नोंद सुरगाण्यात होईल, जिथे गारा पडल्याच नाहीत. आपला संगणक म्हणेल, इथे हवामानाचा संबंध नाही. म्हणून नोंदीत राहते गाव आणि कामाचे गाव असे दोन वेगळे रकाने हवेत. सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगारालाही हेच लागू आहे. 2022 मध्ये देशात आत्महत्या केलेल्यांपैकी 26.4 टक्के रोजंदारीवरचे होते, म्हणजे दर चारांत एकाहून अधिक. त्यांच्यासाठी कोणतीही समिती बसत नाही. मालेगावच्या यंत्रमागावर किती दिवस काम बंद राहिले, कोणत्या भागात पाण्याचे टँकर किती आठवडे चालले, रात्रीचे तापमान किती दिवस उतरलेच नाही, या सगळ्या सामाजिक आणि पर्यावरणीय नोंदी याच नकाशाच्या आहेत.

आता धोक्याचे बोलते, कारण मी हा विषय शिकवते आणि त्यातली फसगत मला माहीत आहे.

समजा, राज्याचा 2022 चा दर, म्हणजे लाखामागे 18 च्या आसपास, 2011 च्या जनगणनेतल्या आपल्या 61 लाख लोकसंख्येला लावला. वर्षाला साधारण 1,100 मृत्यू निघतात. हा जिल्ह्याचा प्रत्यक्ष आकडा नव्हे, सरासरीवरून केलेला हिशेब आहे. 15 तालुके आणि 12 महिने यांत तो वाटला तर एका तालुक्याला महिन्याला सरासरी 6 येतात. जिथे सरासरी 6 आहे तिथे काहीही न बदलता एखाद्या महिन्यात 3 आणि एखाद्या महिन्यात 10 होऊ शकतात. दीड हजार वस्तीच्या गावात एक मृत्यू झाला की त्या गावाचा दर लाखामागे 67 होतो आणि ते गाव यादीत सगळ्यात वर जाऊन बसते. म्हणून गावांची क्रमवारी लावू नये, आणि एका महिन्याच्या चढउतारावरून कोणाला नोटीस काढू नये. शेजारची मंडळे आणि मागची पाच-दहा वर्षे सोबत घेऊन आकडे वाचायचे असतात. त्याच्या रीती आहेत, आणि त्या आपल्याच महाविद्यालयांत शिकवल्या जातात.

दुसरा धोका मला जास्त छळतो. अशी माहिती हाती आली की कोणीतरी म्हणेल, धोक्यातल्या माणसांची यादीच काढा ना. कर्ज थकलेले, गारपीटग्रस्त, दारू पिणारे, आधी प्रयत्न केलेले, असे गुण देऊन प्रत्येक माणसाला क्रमांक द्या. साहेब, हे कृपा करून होऊ देऊ नका. लाख लोकांतल्या 18 पैकी 14 जणांना बरोबर ओळखणारे आणि बाकीच्यांपैकी फक्त 10 टक्क्यांवर चुकीचे बोट ठेवणारे गणित केले, आणि हे फार चांगले गणित झाले, तरी त्या यादीत सुमारे दहा हजार नावे येतील आणि त्यांतली 14 खरी असतील. उरलेल्या दहा हजारांच्या कपाळी शिक्का बसेल. ती यादी गावात फुटली तर मुलीचे लग्न अडेल, बँक कर्ज नाकारेल, सावकार आधीच दारात येऊन बसेल. आणि जी चार माणसे यादीत आलीच नाहीत, त्यांच्याकडे कोणी फिरकणार नाही. माहितीतून काढायचे ते आठवडे आणि मंडळे: या भागात येते दोन महिने जड जाणार आहेत, एवढेच. तिथे अशी मदत पाठवायची, जी अंदाज चुकला तरी कोणाचे नुकसान करणार नाही.

अशी मदत आपल्या हातात आहे. नुकसान झालेल्या मंडळांत ठरावीक काळ जप्तीच्या नोटिसा आणि वसुलीची पथके थांबवता येतात. पंचनाम्याची रक्कम कधी जमा होणार याची तारीख गावात लावता येते. अनिश्चिततेने माणूस जास्त खचतो. रोजगार हमीची कामे गारपिटीच्या तालुक्यात तर काढावीतच, पण मजूर जिथून येतात त्या तालुक्यांतही काढावीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाचा ग्रामीण रुग्णालयांतला वार त्या नकाशावरून ठरवता येतो. आशाताई घरोघरी जातातच; त्यांना ऐकून कसे घ्यायचे आणि कोणाकडे पाठवायचे याचे प्रशिक्षण द्यावे आणि त्या कामाचा मोबदला वेगळा द्यावा. मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्पात आशांकडून असे काम घेतले गेले. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी दीड वर्ष काम केल्यावर नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. गावातली माणसे मदत मागत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा बघावा. मदत दारात आली की माणसे ती घेतात.

जपानमध्ये 2003 साली 34,427 आत्महत्या झाल्या होत्या. तिथे 2006 मध्ये यासाठी कायदा झाला, 2016 च्या दुरुस्तीने प्रत्येक नगरपालिकेला स्वतःची योजना करणे बंधनकारक झाले, आणि गावा-शहरांचे आकडे दर महिन्याला उपलब्ध होतात. 2019 मध्ये संख्या 20,169 वर आली. एवढी घट एकट्या आकडेवारीने झाली, असे कोणी म्हणणार नाही. पण प्रत्येक नगरपालिकेला आपल्या भागात कोण, कोणत्या वयात, कोणत्या महिन्यात जाते आहे ते दिसत होते, आणि पैसा कुठे लावायचा हे त्यावरून ठरत होते. आपल्या देशाच्या आत्महत्या प्रतिबंध धोरणानेही, जे नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर झाले, 2030 पर्यंत मृत्यू 10 टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि नोंद व देखरेखीची यंत्रणा तीन वर्षांत उभी करण्याचे म्हटले आहे. ती मुदत नोव्हेंबर 2025 ची होती.

सिंहस्थासाठी गोदाकाठी कोणत्या तासाला किती गर्दी होईल याचे गणित शासन मांडते, कारण चेंगराचेंगरीत माणसे जाऊ नयेत. तीच काळजी आणि तेच गणित मी या मृत्यूंसाठी मागते आहे.

नेमके मागणे असे. आपल्या समितीची पुढची बैठक होईल तेव्हा शहर आणि ग्रामीण पोलीस, जिल्हा शल्यचिकित्सक, कृषी अधीक्षक, जिल्हा उपनिबंधक आणि जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग यांना एकत्र बसवावे. मागच्या दहा वर्षांतल्या सर्व आत्महत्यांच्या नोंदी, फक्त शेतकऱ्यांच्या नव्हे, नाव-पत्ता आणि गट क्रमांक काढून टाकून मंडळ, महिना, वयोगट, लिंग आणि कामाचे स्वरूप एवढ्यावर आणाव्यात. मृत्यू कसा झाला आणि चिठ्ठीत काय होते, हे त्यात अजिबात नको. त्या एका ठिकाणी, एका जबाबदार अधिकाऱ्याकडे राहाव्यात. पोलीस आणि बँका यांना त्यातून माणूस शोधता येऊ नये. लोकांसमोर फक्त तिमाही आणि तालुक्याचे आकडे यावेत, आणि त्या आकड्यांवरून कोणती मदत कुठे पाठवली हेही शेजारीच छापावे. ज्या घरांनी माणूस गमावला आहे त्यांच्यातले दोघे-तिघे, विशेषतः बायका, या गटात सदस्य म्हणून असाव्यात. साखळीतल्या आधीच्या कड्या त्यांनाच ठाऊक असतात.

आमच्या विषयाचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी माहिती शोधत हिंडतात. गोपनीयतेची लेखी हमी घेऊन, आपल्याच कार्यालयात बसून, नावे नसलेल्या नोंदींवर काम करायला मी आणि माझे काही सहकारी तयार आहोत. मोबदला नको. गारपिटीच्या 2023-24 च्या प्रश्नापासून सुरुवात करता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका, नाशिक

ता.क. हे पत्र आपल्याशिवाय इतरही अनेक जण वाचतील. त्यांच्यापैकी कोणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, किंवा घरातल्या कोणाबद्दल तशी काळजी वाटत असेल, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येते.